पार्कातली ओफ्रेंदा आणि मोनार्क फुलपाखरं: 'दिया दे मुएर्तोस'च्या तयारीत पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी

सॅन अँटोनिओ, ऑस्टिन किंवा आसपासच्या एखाद्या गावात नव्याने राहायला आलात, तर सप्टेंबरच्या सुमारास शेजारच्या पार्कात एक फलक लागलेला दिसेल: 'दिया दे मुएर्तोस आणि मोनार्क उत्सव, व्हॉलंटियर हवेत'. नाव नोंदवलं की पहिल्याच बैठकीत तीन-चार गोष्टी तुमच्या गळ्यात पडतात. मराठी माणूस दिसला की त्यात फुलांच्या माळा हमखास असतात. 'दिया दे मुएर्तोस' म्हणजे गेलेल्या माणसांची आठवण काढण्याचा मेक्सिकन सण आणि ओफ्रेंदा म्हणजे त्यांच्यासाठी केलेली मांडणी. हा लेख अशा पहिल्या वर्षासाठी आहे. मेक्सिकन कुटुंबांच्या हाताखाली काम करायचं, त्यांच्या पद्धतीत लुडबुड करायची नाही आणि पार्कची नासधूस होऊ द्यायची नाही, एवढं गृहीत धरलं आहे. सगळं वर्णन मध्य टेक्सासच्या हवामानाचं आहे. शिकागो किंवा लॉस एंजेलिसला असाल तर लागवडीच्या आणि फुलपाखरांच्या तारखा तिथल्या स्थानिक लोकांना विचारून बदला.

तारीख

मेक्सिकोत हा सण १ आणि २ नोव्हेंबरला असतो. १ तारखेला लहानपणी गेलेल्यांची आठवण आणि २ तारखेला मोठ्यांची. अमेरिकेतल्या पार्कांमध्ये मात्र तो सोयीच्या शनिवार-रविवारी होतो. इथेच पहिला निर्णय घ्यावा लागतो.

मोनार्क फुलपाखरं कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातून निघून टेक्सासच्या मधल्या पट्ट्यातून मेक्सिकोत जातात. काहींचा प्रवास चार हजार किलोमीटरच्या वर जातो. सॅन अँटोनिओवरून त्यांचा मुख्य लोंढा साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती मिचोआकान आणि मेक्सिको राज्याच्या सीमेवरच्या ओयामेल वृक्षांच्या जंगलात पोचतात. नेमकं तेव्हाच मृतांचे दिवस येतात, म्हणून तिथले पुरेपेचा आणि माझाहुआ लोक फुलपाखरांकडे परतून आलेले पूर्वज म्हणून बघत आले. बाहेरच्या शास्त्रज्ञांना या जंगलातल्या वसाहतींचा पत्ता लागला तो १९७५ साली. गावकऱ्यांना तो अर्थातच आधीपासून होता. २००८ साली ते अभयारण्य जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि त्याच वर्षी 'दिया दे मुएर्तोस'सुद्धा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदला गेला.

थोडक्यात, फुलपाखरंही दिसायला हवी असतील तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला शनिवार धरा. उत्सव २ नोव्हेंबरलाच हवा असेल तर फुलपाखरांचं टॅगिंग (पंखावर नंबरचा स्टिकर लावणं) दाखवण्याचा बेत सोडा, कारण तोवर बहुतेक थवे पुढे गेलेले असतात. 'नोव्हेंबरला सगळंच करू' म्हणणाऱ्या समित्या शेवटी रिकाम्या जाळ्या घेऊन उभ्या राहतात.

आधी बघा, मग हात लावा

शक्य असेल तर आदल्या वर्षी एखादा मोठा उत्सव नुसता बघून या. सॅन अँटोनिओत हेमिसफेअर पार्कातला मुएर्तोस फेस्ट आहे. शिकागोच्या पिल्सन भागात, हॅरिसन पार्कात नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट आहे आणि तिथे १९८७पासून दर वर्षी याच विषयावर प्रदर्शन भरतं. लॉस एंजेलिसच्या ग्लोरिया मोलिना ग्रँड पार्कात वेगवेगळ्या गटांच्या ओफ्रेंदा मांडतात. फोटो काढण्यापेक्षा ओफ्रेंदाच्या मागच्या बाजूला जाऊन बघा: टेबल कशाने बांधलंय, वजन कुठे ठेवलंय, वायर कुठून नेलीय.

आपल्या मनात लगेच पितृपक्ष येतो. तुलना साहजिक आहे, पण तिच्या आधारावर निर्णय घेऊ नका. इथे सुतकी वातावरण नसतं. संगीत असतं, नाच असतो, गेलेल्या माणसाला आवडणारी बिअरही मांडलेली असते. आणि 'मेक्सिकन हॅलोविन' हा शब्द चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका, त्याचा तिथल्या लोकांना मनापासून वीट आलेला असतो.

महाराष्ट्र मंडळाचा स्टॉल किंवा लेझीम त्याच दिवशी घुसवायचा मोह पहिल्या वर्षी तरी आवरा. हातांची गरज असते, आणखी एका कार्यक्रमाची नसते.

परवाना आणि जागेची आखणी

शहराच्या पार्क विभागाकडे अर्ज किमान चार-पाच महिने आधी जायला हवा. अर्ज भरताना हे प्रश्न स्पष्ट विचारून लेखी उत्तर घ्या: उघडी ज्योत चालेल का, जनरेटर चालेल का, जमिनीत खुंट्या ठोकता येतील का, मद्याची बाटली मांडता येईल का (बंद असली तरी), आणि खाद्यपदार्थांसाठी आरोग्य विभागाचा वेगळा परवाना लागतो का. बहुतेक ठिकाणी दायित्व विम्याचं प्रमाणपत्र मागतात. दहा लाख डॉलरची रक्कम नेहमीची आहे. छोट्या गटाला हा विमा परवडत नाही, म्हणून एखादी नोंदणीकृत संस्था किंवा वाचनालय सह-आयोजक असेल तर बरं.

खुंट्यांना बहुधा नकारच येतो, कारण हिरवळीखाली स्प्रिंकलरच्या पाइपलाइन असतात. मग दहा बाय दहा फुटी तंबूच्या प्रत्येक पायाला १८ किलोच्या आसपास वजन लागतं. पाण्याचा पाच गॅलनचा भरलेला डबा म्हणजे साधारण १९ किलो. डबा पायाशी नुसता ठेवून भागत नाही, दोरीने तंबूच्या वरच्या कोपऱ्याला ताणून बांधावा लागतो. ऑक्टोबरात उत्तरेचं थंड वारं अचानक सुटतं आणि बिनवजनाचा तंबू लोकांच्या डोक्यावरून उडत जातो. या एका बाबतीत कुणाची भीड ठेवू नका.

आखणी करताना आधी झाडं बघा. थंडीच्या रात्री मोनार्क ओढ्याकाठच्या पेकान आणि ओकच्या झाडांवर घोळक्याने मुक्कामाला उतरतात. तो कोपरा मोकळा सोडायचा: तिथे स्टेज नको, दिव्यांच्या माळा नकोत, कोपाल या धुपाचा धूर नको. स्टेज रस्त्याच्या बाजूला, ओफ्रेंदा वाऱ्याला आडोसा असलेल्या भिंतीच्या किंवा कुंपणाच्या पुढे, खाण्याचे स्टॉल पाण्याच्या नळाजवळ आणि फुलपाखरांचं टेबल फुलांच्या वाफ्यालगत. चार तासांच्या कार्यक्रमाला शंभर माणसांमागे एक फिरतं स्वच्छतागृह हा अंदाज चालतो. व्हीलचेअर हिरवळीवरून नीट जात नाही, म्हणून ओफ्रेंदापर्यंत पक्की वाट पोचतेय ना हे पाहा. आजी-आजोबा हेच या उत्सवाचे मुख्य पाहुणे असतात.

झेंडू

मृतांना वाट दाखवणारं फूल म्हणजे सेम्पासूचिल, म्हणजे आपला मोठा झेंडू. तो मूळचा मेक्सिकोचाच. दसऱ्याला आपण दारावर जे बांधतो, ते घराण्याने तिकडचं आहे. दुकानात ऑक्टोबरात मिळणारी फुलं महाग असतात आणि शेवटच्या आठवड्यात संपतात. त्यामुळे पार्कच्या परवानगीने एखाद्या वाफ्यात किंवा चार-पाच कुटुंबांच्या अंगणात लावणं परवडतं.

किती लागतील, याचा ढोबळ हिशोब असा. अडीच मीटर रुंदीच्या कमानीला दाट लावायची तर दीडशे ते दोनशे फुलं, तीन मीटर लांब आणि फूटभर रुंद पाकळ्यांच्या वाटेला शंभरेक फुलं आणि माळा-फुलदाण्यांना आणखी दीडशे. म्हणजे साडेचारशेच्या घरात. शेंडा खुडलेल्या एका चांगल्या झाडावरून एका तोडणीत आठ-दहा मोठी फुलं निघतात. पन्नास झाडं पुरायला हवीत, पण ऐंशी लावा. उरलेली फुलं कधीच उरत नाहीत.

बी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात ट्रेमध्ये पेरा, अर्धा सेंटिमीटर खोल. पाच ते सात दिवसांत उगवतं. त्याआधी पेरलं तर झाडं उंच वाढून वाऱ्यात आडवी होतात आणि बहर लवकर येऊन जातो. ऑगस्ट उलटल्यावर पेरलं तर उत्सवाला कळ्याच हाती लागतात. टेक्सासच्या उन्हात ट्रे दुपारी सावलीत ठेवायचा. चार-पाच आठवड्यांची रोपं संध्याकाळी, दीड फुटाच्या अंतराने लावा. झाड वीतभर झालं की शेंडा खुडा. हे करायला लोकांचा हात धजत नाही, पण न खुडलेलं झाड एक मोठं फूल देऊन बसून राहतं. 'क्रॅकरजॅक'सारख्या उंच वाणाला काठीचा आधार लागतो. 'इंका'सारखं बुटकं वाण आधाराशिवाय उभं राहतं, फक्त देठ आखूड मिळतो.

इथला खरा शत्रू म्हणजे लाल कोळी ही बारीक कीड. पानं आधी फिकट, मग धुळकट दिसू लागतात आणि खाली बारीक जाळं दिसतं. कोरडी उष्णता त्याला मानवते. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारला की आटोक्यात राहतो. कीटकनाशक टाळा. दहा फुटांवर फुलपाखरांचा वाफा आहे हे विसरून कुणीतरी फवारतंच, म्हणून वाफ्यावर 'फवारणी बंद' अशी पाटी इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत लावा.

नत्राचं खत जास्त झालं की पानोळा माजतो आणि फुलं कमी येतात. कंपोस्ट एकदाच, लावणीच्या वेळी.

फुलं आदल्या दिवशी सकाळी, दव सुकल्यावर तोडा. ओली फुलं ओवली की मधून काळी पडतात आणि दुसऱ्या दिवशी माळेला कुबट वास येतो. ओवण्याचं तंत्र तुम्हाला सांगायला नको, फक्त दोन सूचना. सुती दोरा वापरा, नायलॉन नको, कारण उत्सवानंतर माळा कंपोस्टमध्ये जातात आणि नायलॉनचा तुकडा वर्षानुवर्षं वाफ्यात राहतो. दुसरी सूचना: आंब्याची पानं, नारळ, कलश आपल्या डोक्यात आपोआप येतात, ते कमानीवर चढवू नका. त्या कुटुंबाला हवं असेल तर ते मागतील.

कमानीसाठी पूर्वापार वेत किंवा नळ नावाच्या उंच गवतासारखा 'कारीसो' वापरतात. टेक्सासच्या नदीकाठी माजलेला तसाच दिसणारा नळ ही परदेशी, उपद्रवी जात आहे आणि त्याच्या ओल्या कांड्यांना पेरापासून पुन्हा मुळं फुटतात. कापून आणलाच तर पूर्ण वाळवून वापरा आणि उरलेले तुकडे ओढ्याजवळ टाकू नका. नाहीतर सरळ पीव्हीसी पाइप वाकवा, फुलांखाली तो दिसत नाही.

ओफ्रेंदा उभी करणं

ओफ्रेंदा म्हणजे गेलेल्यांसाठी मांडलेली पायऱ्यांची रचना. दोन पायऱ्यांचीही असते, सातांचीही. सामुदायिक कामाला तीन पायऱ्या पुरतात. सहा फुटी घडीचं टेबल जमिनीवर, त्यावर मागच्या अर्ध्या भागात लाकडी खोके आणि त्यांवर आणखी एक ओळ. प्रत्येक पायरी साधारण फूटभर उंच. खोके टेबलाला झिप टायने बांधा आणि आत वाळूच्या पिशव्या ठेवा. मग वरून कापड अंथरा. मागे पडदा हवा असेल तर सलग कापड लावू नका, वारा त्याला शिडासारखं फुगवतो आणि सगळं तोंडावर येतं. लाकडी जाळी लावून तिच्यात फुलं खोवा.

मांडायच्या वस्तूंवर घराघरांत फरक असतो, तरी काही गोष्टी बहुतेक ठिकाणी दिसतात: प्रवास करून आलेल्या आत्म्यासाठी पाण्याचा पेला, मीठ, मेणबत्त्या, कोपालचा धूप, गोल पाव म्हणजे पान दे मुएर्तो, झेंडू, कातरकामाचे कागदी पताके आणि फोटो. त्या माणसाच्या आवडीचं खाणं, सिगारेट, खेळण्याचे पत्ते, चष्मा हेही असतं. कुठली वस्तू कुठे, हे ज्यांच्या घरची माणसं गेली आहेत त्यांना ठरवू द्या. तुमच्या नजरेला रचना कितीही वेडीवाकडी वाटली तरी फोटो सरकवू नका.

फोटोंच्या बाबतीत नवखे लोक हमखास चुकतात. जिवंत माणसाचा फोटो ओफ्रेंदावर ठेवत नाहीत. 'आई-बाबांचा एकत्र फोटो' घेऊन कुणी आलं आणि आई हयात असेल तर बाबांपुरता भाग कापून नवी प्रत काढावी लागते. यासाठी टेबलाजवळ एक छोटा प्रिंटर ठेवला की रडारड वाचते. मूळ फोटो घेऊच नका, प्रत घ्या. काचेची फ्रेम नको. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात घालून मागे नाव, नातं आणि परत कुणाला द्यायचा त्याचा फोन लिहा. नोंदवही ठेवा. दुपारी तीननंतर एकाच वेळी वीस लोक फोटो घेऊन येतात आणि तेव्हा वहीशिवाय गोंधळ निस्तरत नाही.

मेणबत्त्या पार्कात शक्यतो बॅटरीवरच्या. ऑक्टोबरात गवत कोरडं असतं आणि टेक्सासच्या अनेक काउंटींत त्या दिवसांत उघड्या आगीवर बंदी लागू असू शकते. आदल्या दिवशी काउंटीचा आदेश तपासा. परवानगी असेलच तर उंच काचेच्या पेल्यातल्या मेणबत्त्या वाळूच्या ट्रेमध्ये, पताक्यांपासून निदान तीन फूट लांब.

कोपाल ही झाडाची राळ आहे, उदासारखी निखाऱ्यावर टाकायची. मातीच्या धुपाटण्यात तळाला दोन बोटं वाळू, त्यावर कोळशाची एक गोल वडी. वडीला पूर्ण राखाडी रंग येईपर्यंत थांबा, दहा मिनिटं तरी. घाईत राळ टाकली की ती वितळून कोळसा विझवते आणि नुसता काळा, झोंबणारा धूर होतो. एका वेळी हरभऱ्याएवढा खडा पुरे. बाजूला पाण्याची बादली आणि एक माणूस, दोन्ही सतत हवेत.

मुंग्या! टेक्सासच्या लाल मुंग्या पावाचा वास अर्ध्या तासात हुडकतात आणि त्यांचा डंख लहान मुलांना फार त्रास देतो. जागा ठरवण्याआधी वीस फुटांच्या परिघात वारुळं आहेत का पाहा. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या थाळ्यांत ठेवण्याचा आपला जुना उपाय इथे चोख चालतो, मात्र खालपर्यंत लोंबणारं कापड त्याच्यावर पाणी फिरवतं. कापड जमिनीपासून चार बोटं वर हवं. रात्री ओफ्रेंदा तशीच राहणार असेल तर खाणं काढून ठेवा, रॅकून सगळं पाडून जातात.

कागद आणि साखर

पताक्यांचं कातरकाम म्हणजे पापेल पिकादो. प्युएब्ला राज्यातल्या सान साल्वादोर उइक्सकोलोत्ला या गावचे कारागीर पन्नास-पन्नास कागदांची चवड छिन्नी-हातोडीने एकदम कापतात. तुम्ही कात्रीने एका वेळी पाच-सहाच्या वर जाऊ नका, खालचे कागद सरकतात. पतंगी कागद घ्या, वरची दोन बोटं दोऱ्यावर दुमडून चिकटवायला मोकळी सोडा, चारही बाजूंना स्टेपलर मारा आणि मग घडी घालून कापा. नक्षी कागदाच्या निम्म्याहून जास्त भाग खाऊ लागली की वाऱ्यात फाटते, आणि अगदीच भरीव ठेवली तरी फाटते, कारण वारा जायला वाट हवी. एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग कापलेला बरा. पतंगी कागदाचा रंग दवाने सुटतो आणि खालच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर कायमचा बसतो. रात्रभर ठेवायच्या पताक्या पातळ प्लॅस्टिकच्या घ्या. तंबूंच्या मध्ये त्या आठ फुटांच्या वर बांधा, नाहीतर नर्तकांच्या मुकुटाची लांब पिसं अडकतात.

साखरेच्या कवट्यांचं टेबल मुलांमुळे सर्वांत गजबजलेलं असतं. प्रमाण सोपं आहे: एक किलो बारीक साखर, पाच छोटे चमचे मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्याची भुकटी), पाच छोटे चमचे पाणी. हाताने चोळून सगळीकडे सारखा ओलावा आला पाहिजे. मूठ दाबल्यावर बोटांचे ठसे जसेच्या तसे राहिले की मिश्रण तयार. ठसे मोडले तर चमचाभर पाणी, साच्याला चिकटलं तर मूठभर साखर. साच्यात घट्ट दाबून पुठ्ठ्यावर उपडं करायचं आणि दहा-बारा तास वाळवायचं. दमट किंवा पावसाळी दिवशी ही कवटी काही केल्या वाळत नाही, गाठीच्या माळेसारखी ओघळते. म्हणून कवट्या आठवडाभर आधी एअर कंडिशनर लावलेल्या खोलीत करून ठेवा आणि पार्कात फक्त रंगवू द्या. त्या खायच्या नाहीत हे पालकांना सांगा. पन्नास मुलांनी हाताळलेल्या असतात, वर चमकी चिकटवलेली असते. सुटी चमकी मात्र पार्कात आणूच नका, ती गवतातून आणि ओढ्यातून कधीच निघत नाही.

चेहरे रंगवणाऱ्यांच्या टेबलावर 'कात्रिना'चं चित्र लावलेलं असतं. टोपीवाली ती कवटी होसे ग्वादालुपे पोसादा या चित्रकाराने १९१०च्या सुमारास कोरली आणि दिएगो रिव्हेराने १९४७च्या भित्तिचित्रात तिला मेक्सिको सिटीतल्या आलामेदा या उद्यानात, पायघोळ पोशाखात उभं केलं. रंग पाण्यात विरघळणारे घ्या. पांढरा थर पातळ, दोनदा. जाड दिला की हसताच तडकतो.

फुलपाखरांचं टेबल

२०१५ साली नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनने सॅन अँटोनिओला देशातलं पहिलं 'मोनार्क चॅम्पियन' शहर म्हटलं. कौतुक झालं, पण गरज किती आहे ते आकड्यांतून कळतं. मेक्सिकोच्या जंगलात हिवाळी वसाहतींनी व्यापलेलं क्षेत्र १९९६-९७ला १८ हेक्टरच्या वर होतं, २०१३-१४ला ०.६७ हेक्टर उरलं, २०२३-२४ला ०.९० आणि २०२४-२५ला १.७९. म्हणून इथे तमाशा नको.

पेटीतून विकत आणलेली फुलपाखरं 'सोडण्याचा' कार्यक्रम कुणी सुचवला तर नाही म्हणा. दाटीत वाढवलेल्या फुलपाखरांबरोबर रोग जंगली थव्यात जातात. त्याऐवजी टॅगिंग दाखवा. कॅन्सस विद्यापीठातला मोनार्क वॉच हा उपक्रम १९९२पासून नंबर घातलेले गोल स्टिकर पुरवतो. ते उन्हाळ्यातच मागवावे लागतात.

पद्धत अशी. हाताला सनस्क्रीन, डासांचं क्रीम किंवा सॅनिटायझर लागलेलं नसावं, साबणाने धुऊन कोरडे करा. जाळीतल्या फुलपाखराचे पंख मिटलेले असताना अंगठा आणि तर्जनीत पुढच्या जाड कडेजवळ धरा. मागच्या पंखाच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध शिरांनी वेढलेला एक मोठा, मुठीत अंगठा वर केल्यासारखा कप्पा दिसतो, स्टिकर तिथे. तीन सेकंद हलकेच दाबा. नंबर, तारीख, ठिकाण आणि नर की मादी, हे आधी लिहा आणि मगच सोडा. नराच्या मागच्या पंखांवर एकेक काळा ठिपका असतो. मादीला तो नसतो आणि तिच्या शिरा जाड असतात. तापमान १३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर ती उडू शकत नाहीत, म्हणून हे प्रात्यक्षिक सकाळी दहाच्या आत ठेवू नका.

लोकांना रोप वाटायचं तर कुठलं? सगळ्यांना मिल्कवीड हवं असतं, कारण मोनार्कच्या अळ्या तेवढंच खातात. पण शरदात टेक्सासमधून जाणाऱ्या फुलपाखरांना मुख्यतः मध हवा असतो, हिवाळ्यासाठी चरबी साठवायला. त्यासाठी फ्रॉस्टवीड, ग्रेग्ज मिस्टफ्लावर, गोल्डनरॉड. मिल्कवीड द्यायचंच तर स्थानिक जातींचं बी द्या आणि चिठ्ठीवर लिहा: आत्ताच, हिवाळ्याआधी पेरा, किंवा ओल्या वाळूत घालून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवून वसंतात पेरा. ही थंडी मिळाली नाही तर बी बहुधा नीट उगवत नाही आणि लोक तुम्हाला बोल लावतात.

रोपवाटिकेत सर्रास मिळतं ते लाल-पिवळ्या फुलांचं उष्ण कटिबंधातलं मिल्कवीड. कोकणात आणि घाटावर याच झाडाला हळदीकुंकू म्हणतात, त्यामुळे ओळखीचं वाटून आपण पटकन उचलतो. टेक्सासच्या सौम्य हिवाळ्यात ते मरत नाही, त्याच्या पानांवर एका परजीवीचे बीजाणू साठत जातात आणि पंख वाकडे झालेली फुलपाखरं बाहेर पडतात. अंगणात आधीच असेल तर ऑक्टोबरपासून जमिनीलगत छाटत राहा. कुठलंही रोप घेताना त्यावर निओनिकोटिनॉइड प्रकारचं कीटकनाशक फवारलंय का विचारा. फवारलेलं असेल तर अळ्या खाऊन मरतात. मिल्कवीडच्या या सगळ्या जातींचा चीक रुईसारखाच डोळ्यांना घातक असतो, मुलांचे हात धुवून घ्या.

खाणं

शाकाहाऱ्यांसाठी एकच महत्त्वाचं: तामाले म्हणजे मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ, त्याच्या पिठात आणि घोटलेल्या राजम्यात बहुधा डुकराची चरबी असते, गोड तामालेतही. 'सिन मान्तेका?' (चरबीशिवाय आहे का?) असं विचारा. मिरची-चीजचं 'राहास कोन केसो' दिसलं तरी पिठाबद्दल विचारल्याशिवाय घेऊ नका. भाजलेलं कणीस, फळांवर तिखट-लिंबू, चिंचेचं पाणी आणि 'आग्वा दे हामाइका' यांना धोका नाही. हामाइका म्हणजे लाल अंबाडीच्या फुलांचा वाळवलेला भाग. पन्नास ग्रॅम फुलं एक लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळायची, लिटरभर थंड पाणी आणि दीडशे ग्रॅम साखर घालायची. ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबटाने चव बिघडते. पेय कापडावर सांडलं तर डाग जात नाही, तेव्हा स्टॉल ओफ्रेंदापासून दूर.

त्या दिवशी

आस्तेक (ॲझ्टेक) नृत्याचा गट आला की नर्तक वर्तुळ धरतात, मधे धूप आणि मोठा उभा ढोल असतो. हा स्टेजवरचा करमणुकीचा कार्यक्रम नव्हे. वर्तुळातून आडवं जाऊ नका, मुलांना आत सोडू नका, त्यांनी बोलावलं तरच शिरा. फोटोसाठी 'पुएदो तोमार उना फोतो?' असं विचारायचं. ओफ्रेंदासमोर बसून रडणाऱ्या माणसाचा फोटो विचारूनही काढू नका.

आवरायला चार तास आणि दहा माणसं धरा. आधी फोटो, नोंदवहीवर सही घेऊन परत. न नेलेले एका पेटीत, एकाच माणसाकडे. मग दोरे, झिप टाय आणि स्टेपलच्या पिना. पिना हिरवळीत राहिल्या तर गवत कापायच्या यंत्रातून उडतात. फरशीवरच्या पाकळ्या त्याच संध्याकाळी झाडा. रात्री दव पडलं की नारिंगी डाग बसतो आणि सफाईचे पैसे अनामत रकमेतून कापले जातात. फुलं सुती दोऱ्यासकट कंपोस्टला. पार्कच्या माणसाबरोबर फिरून हिरवळीचे, फरशीचे आणि नळांचे फोटो काढा. सकाळी मांडणीआधी तेच कोपरे टिपलेले असतील तर अनामत परत मिळवताना वाद होत नाही.